आधी बाक, मग चित्र: व्हीलचेअर आणि लहान मुलं घेऊन लंडन, पॅरिस, माद्रिद

लंडनची नॅशनल गॅलरी, पॅरिसमधलं लूव्र आणि ओरांजेरी, शेवटी माद्रिदचं प्रादो, हा चित्रं बघणाऱ्यांचा नेहमीचा रस्ता. आम्ही त्या रस्त्याने निघतो तेव्हा बरोबर व्हीलचेअर असते, पांढरी काठी असते, कानात यंत्र घातलेली माणसं असतात आणि चार-पाच वर्षांची मुलं असतात. त्यामुळे आमची आखणी उलटी असते. कुठली चित्रं बघायची हे आम्ही नंतर ठरवतो. कुठे बसायचं ते आधी.

याला जुना आधार आहे. बोस्टनच्या कला संग्रहालयातले बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ साली ‘संग्रहालयातला थकवा’ या विषयावर लेख लिहिला. त्यांनी एका माणसाला प्रदर्शनातल्या वस्तू नीट बघायला सांगितल्या आणि तो कसा वाकतो, बसतो, मान वेळावतो त्याचे फोटो घेतले. माणूस दमतो तो या कसरतीने, हे त्यातून दिसलं. दोन पायांवर धड उभ्या असलेल्या माणसाची ही गत, तर गुडघे दुखणाऱ्याची, खुर्चीतून मान वर करून बघणाऱ्याची आणि सगळ्यांच्या कमरेएवढ्या उंचीच्या मुलाची काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून पहिलं काम घरीच करायचं. बऱ्याच दालनांच्या खोल्या ‘गूगल आर्ट्स अँड कल्चर’वर फिरून बघता येतात. खोलीच्या मध्यभागी बाक आहे का, त्याला पाठ आहे का, हात आहेत का, ते बघा. बिनहाताच्या बुटक्या बाकावर म्हातारं माणूस बसतं सहज, पण उठताना दोघांना ओढावं लागतं. हे फोटो जुने असू शकतात, त्यामुळे पोचल्यावर माहितीच्या खिडकीवर पुन्हा विचारा. तिथेच घडीचं स्टूलही मागा. पुष्कळ ठिकाणी ते फुकट मिळतं, पण समोर मांडलेलं नसतं. ज्या दोन खोल्यांत चांगले बाक आहेत त्या नकाशावर गोल करून ठेवा आणि चित्रं त्यांच्या आसपासची निवडा.

व्हीलचेअर स्वतःची असेल तर तिची मापं कागदावर लिहून बरोबर ठेवा. पाय ठेवायच्या पट्ट्यांसकट लांबी, सगळ्यात रुंद भागाची रुंदी आणि माणसासकट वजन, अशी तीन. युरोपात व्हीलचेअर आणि एक सोबती मावेल अशी लिफ्ट म्हटली की आतून साधारण ११० बाय १४० सेंटिमीटर धरतात. जुन्या इमारतीत नंतर बसवलेली लिफ्ट याहून लहान निघते आणि मोटरची लांब खुर्ची तिथेच अडते. पायपट्ट्या काढता किंवा वर वळवता येत असतील तर दहा-पंधरा सेंटिमीटर वाचतात, कधी तेवढ्यावर भागतं. उताराचं गणितही लक्षात ठेवा. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे नेहमीचं प्रमाण. म्हणजे ५० सेंटिमीटरच्या पायऱ्यांवर धड उतार बांधायचा तर ६ मीटर जागा लागते. दोन मीटरची फळी टाकून कोणी ‘रॅम्प आहे’ म्हणालं तर त्यावर भरलेली खुर्ची एकट्याने ढकलू नका.

दालनाची खुर्ची घेणार असाल तर माणूस बसण्याआधी तीन गोष्टी तपासा: दोन्ही ब्रेक धरतात का, पायपट्ट्या सारख्या उंचीवर आहेत का, पुढची छोटी चाकं डगमगत नाहीत ना. एक पट्टी खाली असेल तर माणूस तासाभरात एका कुशीवर कलतो आणि कंबर धरते.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत पायऱ्या टाळून जायचं तर सेन्सबरी विंगचं दार. कायमचा संग्रह बघायला पैसे पडत नाहीत, आणि मुलं किंवा आजारी माणूस बरोबर असताना आमच्या लेखी याहून मोठी सोय नाही. ‘तिकीट वसूल झालं पाहिजे’ हा जाच राहत नाही. चाळीस मिनिटं बघा, बाहेर मोकळ्या चौकात या, वाटलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. पाच वर्षांच्या मुलासाठी एका खेपेला तीन चित्रं पुष्कळ झाली.

इथे मुलांसाठी आम्ही दोन चित्रं निवडतो. पहिलं स्टब्सचं ‘व्हिसलजॅकेट’, साधारण १७६२ सालचं. जवळजवळ खऱ्याएवढा घोडा मागच्या पायांवर उठलाय, भोवती ना गवत ना आभाळ. चित्र तीन मीटरच्या आसपास उंच असल्यामुळे गर्दीतही मुलाला दिसतं. घोडा कुठे उभा आहे, हा प्रश्न मुलं स्वतःच काढतात. दुसरं व्हान आयकचं आर्नोल्फिनी जोडपं, १४३४. ते जेमतेम ८२ बाय ६० सेंटिमीटर आहे, त्यामुळे दार उघडल्या उघडल्या तिथेच जायचं, पुढे माणसं साचतात. कुत्रा शोध, एकच पेटलेली मेणबत्ती शोध, मागच्या आरशात किती माणसं दिसतात ते बघ. एवढ्यावर दहा मिनिटं निघतात.

दालनात शिरण्याआधी दुकानात जाऊन मुलाला दोन-तीन चित्रांची कार्डं घ्यायची आणि मग ती चित्रं शोधायची, ही युक्ती चालते. पण मूल कार्डाएवढंच चित्र शोधतं आणि समोरच्या भिंतीएवढ्या चित्राजवळून निघून जातं. आधी हात पसरून सांगा: चित्र बाबाएवढं आहे, की तुझ्या दप्तराएवढं.

हात न लावण्याबद्दल नुसतं ‘नाही’ म्हटलेलं टिकत नाही. आपल्या चष्म्याच्या काचेवर मुलाला बोट टेकवायला लावा आणि उजेडात धरून डाग दाखवा. बोटाचं तेल आणि घाम काचेवरून पुसता येतो, तीनशे वर्षांच्या रंगावरून येत नाही. मोठ्या माणसाच्या एका हाताएवढं अंतर ठेवायचं आणि हात पाठीमागे बांधायचे. पाठीवरची सॅक पुढे घ्यायची किंवा क्लोक रूममध्ये ठेवायची, कारण वळताना धक्का तिचाच लागतो. व्हीलचेअरच्या मागे लटकवलेल्या पिशवीचंही तेच. पाठीवर मूल बांधायची चौकट बऱ्याच दालनांत आत नेऊ देत नाहीत, छातीशी बांधलेलं चालतं. खांद्यावर मूल बसवू नका. कडेवर घ्यायचं तर एका चित्रापुरतं. बाबागाडी छत्रीसारखी मिटणारी, अरुंद असावी. जुळ्यांची शेजारी-शेजारी सीट असलेली गाडी दारातून जाते, पण गर्दीत वळत नाही.

आता चकाकीबद्दल. याची दालनांत फारशी दखल घेतलेली दिसत नाही, पण बसून बघणाऱ्याला सगळ्यात जास्त त्रास तिचाच होतो. चित्राचा मध्य साधारण १४५ ते १५५ सेंटिमीटरवर येईल असं चित्र टांगतात, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर. खुर्चीत बसलेल्याचे डोळे ११५-१२० वर, चार वर्षांच्या मुलाचे ९०-९५ वर. दिव्याचा उजेड छताकडून तिरका येतो, काचेवर किंवा वार्निशवर आपटतो आणि तसाच तिरका खाली जातो. उभ्या माणसाच्या नजरेखालून तो निघून जातो, बसलेल्याच्या आणि मुलाच्या डोळ्यांत शिरतो. त्यांना चित्राऐवजी पांढरा पट्टा दिसतो आणि ‘छान आहे’ म्हणून ती पुढे सरकतात. खुर्ची चित्राच्या जवळ नेली तर बहुधा त्रास वाढतो. दोन-तीन पावलं मागे घ्या, मग थोडी बाजूला. सोबत्याने स्वतः खाली बसून, खुर्चीतल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून एकदा बघावं. त्याशिवाय कळत नाही.

कागदावरची रेखाटनं आणि कापड यांच्या खोल्या मुद्दाम अंधाऱ्या ठेवतात. उजेडाने रंग उडतो म्हणून तिथे साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप), तेलरंगांना १५० ते २००. उजळ खोलीतून तिथे शिरल्यावर दारापाशीच दोन-तीन मिनिटं थांबा, वय झालेल्यांनी जास्त. मोतीबिंदू किंवा काचबिंदू असेल तर बाक आणि दोरखंडाचे खांब दिसत नाहीत. ओठ वाचणाऱ्यालाही हा अंधार जाचतो. माहिती सांगणाऱ्याला चेहऱ्यावर उजेड पडेल असं उभं करा, पाठीमागे खिडकी नको. कर्णयंत्र ‘टी’वर लावून, म्हणजे बोलणं थेट यंत्रात येईल असं, ऐकण्याची सोय असेल तिथे कानाची खूण असलेली पाटी असते, पण ती यंत्रणा चालू आहे का ते फेरी सुरू होण्याआधीच विचारा.

पॅरिसला लूव्रमध्ये शिरताना काचेच्या पिरॅमिडखाली एक सोय आहे ती मुलांना दाखवाच. गोल जिन्याच्या मधोमध उघडी, दंडगोल लिफ्ट वर-खाली होते, पायऱ्या टाळणाऱ्यांसाठी. मोनालिसाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं ते चित्र गर्दीत मुलाला पाठींच्या भिंतीआड राहतं. जायचंच असेल तर जा आणि तिथे पोचल्यावर पाठ फिरवा. समोरच्या भिंतीवर वेरोनेझेचं काना गावातलं लग्न आहे, १५६३ सालचं, जवळजवळ सात मीटर उंच आणि दहा मीटर रुंद. कुणाच्याही डोक्यावरून दिसतं. वाजवणारे शोधा, कुत्रे मोजा, वाइन कोण ओततंय ते बघा. व्हीलचेअरवरून ते लांबूनच चांगलं दिसतं, जवळ गेलं की मान अवघडते.

आवाज आणि गर्दी सोसत नाही अशा मुलांना किंवा मोठ्यांना, विशेषतः स्वमग्न असलेल्यांना, लूव्र एका फेरीत जड जातं. शांत तासांची वेळ असेल तर ती घ्या. कान झाकणारे हेडफोन बाहेरच घालून द्या, त्रास सुरू झाल्यावर ती घालू देत नाहीत. प्रसाधनगृहातलं हात वाळवायचं यंत्र पुष्कळांना चित्रांच्या गर्दीपेक्षा भयंकर वाटतं, म्हणून रुमाल जवळ ठेवा. दारापासून पहिल्या बाकापर्यंतचे फोटो आदल्या रात्री क्रमाने दाखवले की सकाळी ओळखीचं वाटतं. सूर्यफुलांचा हिरवा पट्टा, म्हणजे वरून न दिसणाऱ्या अपंगत्वाची खूण, जो २०१६ साली लंडनच्या गॅटविक विमानतळावरून सुरू झाला, गळ्यात असला तर बऱ्याच ठिकाणचे कर्मचारी न विचारता थोडा जास्त वेळ देतात. पण तो रांगेतून पुढे जायचा परवाना नाही.

माद्रिदच्या प्रादोत जेरोनिमोस दारातून पायऱ्या लागत नाहीत. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत. संध्याकाळच्या शेवटच्या दोन तासांच्या मोफत वेळेला मात्र जाऊ नका, रांग लांब असते आणि आत उरलेला वेळ लिफ्ट शोधण्यात जातो. वेलास्केझचं ‘लास मेनिनास’ (१६५६) मुलांचं चित्र आहे: मधली राजकन्या पाच वर्षांची, उजवीकडे पहुडलेला मोठा कुत्रा आणि त्याच्या पाठीवर कुणाचा तरी पाय. बघणाऱ्याने कुठे उभं राहायचं हे मुलाला ठरवू द्या.

प्रादोत फोटो काढायला मनाई आहे. मंद दृष्टीची माणसं फोन भिंगासारखा धरून चित्र मोठं करून बघतात आणि रखवालदाराला तो कॅमेराच वाटतो. फोन बाहेर काढण्याआधी त्याला सांगा, म्हणजे मध्येच टोकणं होत नाही. याच प्रादोने २०१५ साली सहा चित्रांच्या उठावदार प्रतिकृती हातांनी बघायला मांडल्या होत्या. ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी काळे चष्मेही ठेवले होते. इटलीत आंकोना इथलं ओमेरो संग्रहालय तर १९९३पासून स्पर्शासाठीच उभं आहे. एका अंध दांपत्याची ती कल्पना. हातांनी बघताना अंगठ्या आणि घड्याळ काढा. एक हात प्रतिकृतीच्या कडेवर स्थिर ठेवा आणि दुसरा फिरवा, म्हणजे आपण चित्रात कुठे आहोत ते सुटत नाही.

प्रतिकृती नसेल तेव्हा शब्दांनी सांगायचं. आधी आकार, मग काय आहे, मग घड्याळाच्या तबकडीसारखं कुठे आहे: ‘तुमच्या उंचीच्या दीडपट. तीनच्या काट्याला खिडकी, सातला कुत्रा.’ रंग आणि उजेड त्यानंतर. ‘उदास वाटतं’ हे आपलं मत सगळ्यात शेवटी. ते आधी सांगितलं की ऐकणाऱ्याचं चित्र तिथेच थिजतं.

विस्मरण झालेल्या माणसाला ‘हे कोणाचं चित्र?’ असं विचारू नका. ‘ही बाई कुठे निघाली असेल?’ असं विचारा, त्याला चुकीचं उत्तरच नसतं. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात २००६ साली अशा लोकांसाठी सुरू झालेल्या फेऱ्यांत मोजकी चित्रं निवडून त्यांच्यासमोर बसून बोलत असत.

न्यूयॉर्कचंच गुगनहाइम संग्रहालय व्हीलचेअरवाल्यांना सपाट वाटतं, पण ते गोल उतारावर बांधलंय. लिफ्टने वर जा आणि बघत खाली या. प्रत्येक चित्रासमोर ब्रेक लावा, नाहीतर डोळे चित्रावर आणि खुर्ची हळूहळू पुढच्या चित्राकडे.

कुठल्याही दालनात आत गेल्यावर आगीच्या घंटेबद्दल विचारून ठेवा. घंटा वाजली की लिफ्ट वापरू देत नाहीत. व्हीलचेअरवाल्यांनी थांबायची जागा जिन्यापाशी ठरलेली असते आणि कुणीतरी तुम्ही कुठे आहात याची नोंद ठेवणं गरजेचं असतं.

एकच दालन निवडायचं झालं तर आम्ही ओरांजेरी सांगू. १९२७ साली उघडलेल्या दोन लंबगोल खोल्यांत मोनेची पाणलिलींची आठ मोठी चित्रं आहेत, मध्ये बाक आहेत, वरून दिवसाचा उजेड येतो. चित्रं दोन मीटर उंच आणि जमिनीजवळून सुरू होतात, त्यामुळे खुर्चीतल्या माणसाला आणि मुलाला पाणी डोळ्यांसमोर येतं. बाबागाडी बाकाशेजारी लावा. ढग सरकले की निळा रंग बदलतो, म्हणून एका बाकावर पंधरा मिनिटं बसा आणि मग दुसऱ्या टोकाच्या बाकावर जा. मंगळवारी दालन बंद असतं. बाकीच्या दिवशी सकाळी दार उघडतानाची वेळ घ्या, कारण बंद होण्याआधी खोल्या रिकाम्या करायला सुरुवात होते आणि व्हीलचेअर असली की लिफ्टपर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो.