आमची वाटचाल : आधी चालून बघतो, मग भोक पाडतो

ठाण्याच्या नौपाड्यातलं आमचं दुकान सात फूट रुंद आहे. शटर उघडलं की डाव्या हाताला काउंटर, उजव्या हाताला शिडी, आणि मधून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. आयटीआयचा वायरमनचा ट्रेड आणि सहा वर्षांची नोकरी एवढ्या भांडवलावर २००७ साली हा गाळा भाड्यानं घेतला. पाटीवर तेव्हा ‘डोअरबेल, इंटरकॉम, पाण्याच्या मोटारीचे स्टार्टर’ असं लिहिलेलं होतं. सेन्सर हा शब्द पाटीवर यायला आणखी चार वर्षं गेली, आणि तो आला तो नुकसान घेऊनच आला.

२०११च्या मे महिन्यात येऊरच्या एका बंगल्याचं काम मिळालं. घरात दोघंच, काका आणि काकू. कंपाउंडमध्ये रात्री कोणी शिरलं तर भोंगा वाजावा, एवढीच मागणी. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून माणसाची हालचाल ओळखणारे चार सेन्सर आणले आणि मुख्य सेन्सर दाराच्या वर, थेट गेटकडे तोंड करून लावला. हिशोब सरळ होता: चोर गेटातून येणार, तर सेन्सरनं गेटकडेच बघायला हवं. उंची ठेवली बारा फूट, कोणाचा हात पोचायला नको म्हणून. काकूंनी खिचडी खाऊ घातली, काकांनी हातावर पूर्ण पैसे ठेवले, आणि मी स्कूटरवरून उपवनचा उतार शीळ घालत उतरलो.

जूनचा पहिला वारा सुटला आणि भोंगा सुरू झाला. एका रात्रीत सहा वेळा. गेटशेजारी बांबूचं बेट होतं, ते हललं की वाजायचा. मी दोनदा जाऊन सेन्सिटिव्हिटी कमी करून आलो, तरी तेच. शेवटी काकांनी वैतागून भोंग्याचा खटकाच बंद करून टाकला. त्यानंतर बाराव्या दिवशी मागच्या अंगानं कोणीतरी आत येऊन विहिरीवरची मोटार उचलून नेली.

काका ओरडले नाहीत. “अहो, तुमचा भोंगा रोज खोटं बोलायचा, म्हणून त्याचं तोंड बंद केलं,” एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. नवी मोटार मी घेऊन दिली. पैसे हिच्या भिशीचे होते. हिशोबाच्या वहीत ती रक्कम लाल शाईत आहे आणि दर दिवाळीला मला दाखवली जाते.

तो सेन्सर मी काढून दुकानात आणला आणि काउंटरवर उघडून बसलो. तोवर मी दोनेकशे तरी बसवले असतील, जिन्यातले दिवे वगैरे धरून. पण आत काय चालतं ते कधी नीट बघितलं नव्हतं, हे कबूल करायला लाज वाटते.

हा पीआयआर, म्हणजे पॅसिव्ह इन्फ्रारेड सेन्सर. तो स्वतः काही फेकत नाही, नुसता बघतो. माणसाच्या अंगातून न दिसणारी उष्णता सतत बाहेर पडत असते, आणि तिचा जोर साधारण ९ ते १० मायक्रॉन लांबीच्या लहरींत सगळ्यात जास्त असतो. आत दोन इवल्याशा पट्ट्या शेजारी शेजारी, पण एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात. दोघींवर सारखीच ऊब पडली तर बेरीज शून्य. समोरची पांढरी, रेघारेघांची लेन्स अंगणाचे हातपंख्याच्या घड्यांसारखे भाग पाडते. माणूस एका घडीतून दुसरीत गेला की आधी एक पट्टी ऊब पकडते, मग दुसरी, आणि बेरीज बिघडते. म्हणजे आडवा जाणारा माणूस लगेच कळतो. सेन्सरच्या नाकासमोरून सरळ चालत येणारा मात्र एकाच घडीत राहतो आणि बराच जवळ येईपर्यंत निसटून जातो. मी गेटकडे तोंड करून लावलेला सेन्सर चोराला सगळ्यात उशिरा ओळखणारा होता! आणि बांबू? दिवसभर तापलेली कंपाउंडची भिंत रात्रीसुद्धा गरम, आणि तिच्यापुढे ओला गार बांबू डोलतोय. ऊब झाकली जाते, उघडी पडते. भोंगा बिचारा दिसेल ते सांगत होता, जागा मी दिली होती.

पुढच्या आठवड्यात येऊरला जाऊन चारही सेन्सर हलवले. मुख्य सेन्सर बाजूच्या भिंतीवर घेतला, असा की गेटापासून दारापर्यंतची वाट त्याला आडवी दिसेल. बांबूकडचा लेन्सचा भाग आतून झाकला. मागची बाजू मी पहिल्यांदा सोडलीच होती, तिथे एक वाढवला. त्या पावसाळ्यात फोन आला तो काकूंचा, आणि तो शेजारच्या बंगल्याचं काम सांगायला.

तेव्हापासून दुकानात एक आठ फुटी काठी आहे. तिच्या टोकाला सेन्सर, खाली १२ व्होल्टची बॅटरी. मी काठी भिंतीला टेकवून उभा राहतो आणि भाचा चोर होतो. सरळ येतो, आडवा जातो, भिंतीला घासून जातो, वाकून जातो, रांगतो. लाल दिवा कुठे लागला तिथे खडूनं खूण करायची. दोन-तीन जागा बघून मग ड्रिल काढायचं. गिऱ्हाईक आधी हसतं, मग स्वतःच रांगून बघतं. कोपरखैरण्याच्या एका वहिनींनी सासऱ्यांना चालायला लावलं होतं, काठी टेकत, हळूहळू. बरं झालं, कारण हळू चालणारा माणूस सेन्सरला पटकन कळत नाही हे त्यामुळे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं.

उंचीवरून वाद ठरलेला. उंच लावा म्हणजे चोर तोडणार नाही, असं प्रत्येकाला वाटतं, मलाही वाटायचं. पण साधारण २ ते २.४ मीटर, म्हणजे सात-आठ फूट, याच उंचीसाठी बहुतेक सेन्सरची लेन्स कापलेली असते. बारा फुटांवर नेला की पायथ्याशी मोठा आंधळा कोपरा तयार होतो. मांजरांचा त्रास असेल तर दुसरी जात मिळते, कमरेच्या उंचीवर लावायची. तिची वरची नजर जमिनीला समांतर असते, खालची उतरती, आणि दोन्ही एकदम अडल्याशिवाय ती बोलत नाही. मांजर फक्त खालचीत येतं. खोक्यावर ‘पेट इम्यून, २५ किलो’, म्हणजे एवढ्या वजनापर्यंतच्या पाळीव प्राण्याला वाजणार नाही, असं छापलं म्हणून निर्धास्त राहू नका. तीन किलोचा बोका सेन्सरपासून दोन फुटांवरच्या कठड्यावर चढला, तर सेन्सरच्या दृष्टीनं तो पैलवान असतो. येऊरला लोक बिबट्याचंही विचारतात. बिबट्या २५ किलोत बसत नाही, त्यामुळे भोंगा वाजला तर तो बरोबरच वाजला.

नवी मुंबईची कामं सुरू झाली ती सिडकोच्या रो-हाउसमुळे. नेरूळच्या एका घरून फोन: “सेन्सर मेला, चार दिवसांत मेला.” गेलो तर आजोबांनी पाऊस लागू नये म्हणून जुन्या फोटोफ्रेमच्या काचा चिकटवून त्याला सुबक देव्हारा केला होता. काच या उष्णतेला भिंतीसारखी असते. लेन्स काचेची न करता पॉलिथिनची करतात ती यासाठीच. आजोबांनी विचारलं, “मग कॅमेरा कसा बघतो काचेतून?” कॅमेरा उजेड बघतो, हा ऊब बघतो, असं सांगितल्यावर त्यांनी देव्हारा स्वतःच सोडवला. खिडकीच्या आत सेन्सर ठेवून अंगण राखायला निघालेले लोक अजूनही भेटतात.

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वेगळीच गंमत. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी ती वसाहत लहान लहान सामायिक अंगणांभोवती घरं ठेवून आखली आहे. राहायला सुंदर, सेन्सरला अवघड. आमचा दिवा एका घराचा, पण पेटायचा शेजारच्या काकू तुळशीला पाणी घालायला आल्या की, आणि उजेड पडायचा तिसऱ्याच घराच्या बेडरूममध्ये. तिथे लेन्सच्या अर्ध्याहून जास्त घड्या झाकाव्या लागल्या. इन्सुलेशन टेप उन्हात सुटते, म्हणून खोक्यात येणारं झाकणच वापरतो. लोक ते कचरा समजून फेकून देतात.

पाण्यानं आम्हाला जेवढं शिकवलं तेवढं कोणी नाही. एका पुरवठादाराकडून वीस सेन्सर घेतले होते, अंगावर आयपी ६५ छापलेले. म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि कुठूनही फवारा मारला तरी चालेल. पहिल्या पावसात चौदा परत आले. माल हलका होता हे खरं, पण त्यातल्या पाचांत आमच्याच पोरांनी वायरचं भोक वरच्या अंगानं पाडलं होतं. आता वायर खालूनच घ्यायची, आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्यायचा म्हणजे थेंब तिथूनच गळतो, आणि सिलिकॉन वरून आणि दोन्ही बाजूंनी लावायचा, खालून नाही. आत साचलेल्या दमटपणाला वाट हवी. वायरच्या भोकात मात्र सिलिकॉन ठासायचा, नाहीतर मुंग्या घर करतात. वाशीला एका सेन्सरच्या पोटात आम्हाला अंड्यांसकट अख्खी वसाहत मिळाली होती. मालक म्हणाले, भाडं मागा.

पावसासारखाच मे महिनाही छळतो, फक्त उलट्या बाजूनं. त्वचेचं तापमान ३२ ते ३४ अंश. भिंत, फरशी, पत्रा सगळंच त्याच्या आसपास आलं की माणूस मागच्या भिंतीत विरघळतो. चांगले सेन्सर तापमान बघून आपली नजर सुधारतात, तरी डिसेंबरात दहा मीटरवरून पकडणारा मे महिन्याच्या संध्याकाळी सहा मीटरवर येतो. म्हणून आम्ही अंतर मेच्या हिशोबानं ठरवतो. मोकळ्या प्लॉटला दुहेरी सेन्सर सुचवतो, पीआयआर आणि मायक्रोवेव्ह एकत्र, दोघांचं एकमत झालं तरच वाजणारा. मायक्रोवेव्ह स्वतः लहरी फेकून हालचाल ओळखतो, त्यामुळे नुसता तोच लावला तर पातळ भिंतीपलीकडची रिक्षासुद्धा मोजतो.

२०२० साली टाळेबंदीत तीन महिने शटर खाली होतं. गावी अडकलेली गिऱ्हाइकं फोन करून घराची चौकशी करायची, जणू मी नातेवाईक. त्याच वर्षी भाचा धंद्यात आला. आज आम्ही पाच जण आहोत: मी, हिशोबाला ही, भाचा आणि दोन पोरं. ऑनलाइन स्वस्तात मागवलेला सेन्सरही बसवून देतो, मजुरी तीच. “भोक पाडायचेच एवढे?” असं विचारणाऱ्याला भाचा काठी दाखवतो. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर लावायचा हट्ट असेल तर मात्र काम सोडतो. तीन वेळा सोडलं आहे, त्यातले दोघे परत आले.

ठाणे, कळवा, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत येतो. जागा बघायला दिवसा, म्हणजे ऊन कुठून येतं ते कळतं. चालायची टेस्ट अंधार पडल्यावरच करतो, तेव्हा साडेसातला घरी कोणीतरी असावं. कुत्रा असेल तर बांधू नका, त्यालाही चालवायचं असतं.