अकरा वाजताचा धूर

पायदळाच्या मॉर्टर म्हणजे उखळी तोफांच्या तुकडीत बरीच वर्षे काढल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की शत्रूची नजर अडवणारा धुराचा पडदा बॉम्बवर कमी आणि हवेवर अधिक अवलंबून असतो. प्रात्यक्षिकाचे वेळापत्रक आखताना मात्र हवेला कोणी विचारत नाही. दख्खनच्या पठारावरील एका फायरिंग रेंजवर, ऐन एप्रिलमध्ये, पाहुण्यांच्या सोयीसाठी सकाळी अकराची वेळ ठरली, तो दिवस अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

पहाटेची रंगीत तालीम उत्तम झाली होती. रात्रभर गार झालेल्या जमिनीलगतची हवा वर चढत नाही, त्यामुळे धूर खालीच धरून राहतो. आमच्या हवालदारसाहेबांनी चिमूटभर माती सोडून वारा पाहिला, ८१ मिलिमीटरच्या मॉर्टरमधून हवा लागताच पेटून दाट धूर सोडणाऱ्या पांढऱ्या फॉस्फरसचे पहिले बॉम्ब भराभर टाकून पडदा उभा केला आणि मग थांबून थांबून एकेक टाकत तो टिकवला. बॉम्ब वारा येतो त्या अंगाला टाकायचे असतात, म्हणजे धूर वाहत जाऊन टेकडी झाकतो. आणि पडदा शत्रूच्या नाकासमोर हवा, कारण तो आपल्याजवळ पडला तर आंधळे आपणच होतो. त्या पहाटे टेकडी पूर्ण नाहीशी झाली, पण ते पाहायला आमच्याखेरीज कोणी नव्हते.

अकरा वाजता तेच बॉम्ब आणि तेच हात होते. फॉस्फरस जळताना मुळातच प्रचंड उष्णता देतो, त्यात तापलेल्या काळ्या कातळाची झळ मिळाली; धुराचे खांब सरळ आकाशात चढले आणि त्यांच्या मधून टेकडीवरचे निशाण स्वच्छ दिसत राहिले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, छायाचित्रेही देखणी आली. पहाटे याहून अधिक काय दिसले असते, असे एका वरिष्ठांनी मला विचारले. काहीच दिसले नसते, हेच त्याचे उत्तर होते.

पहिल्या महायुद्धात, २३ एप्रिल १९१८ रोजी, बेल्जियममधील झीब्रुग बंदरावरील ब्रिटिश हल्ल्यात वारा ऐन वेळी फिरला, धुराचा पडदा उडाला आणि ‘व्हिंडिक्टिव्ह’ ही नौका धक्क्याजवळ जर्मन तोफांपुढे उघडी पडली, हे उदाहरण मी शिकवताना नेहमी देतो. तिथे निदान वारा अवचित फिरला होता. ऊन तर रोज ठरल्या वेळीच चढते.

पाहुणे चहाला गेले आणि आमची दुपार वाळल्या गवताची आग झोडपण्यात गेली, कारण मातीखाली दबलेला फॉस्फरसचा तुकडा उकरला की हवा लागून पुन्हा पेटतो. अहवालात मी पहाटेच्या वेळेची शिफारस केली. पाहुण्यांना इतक्या लवकर आणणे शक्य नाही, असे उत्तर आले.