सिमल्याचं म्युझियम आणि चंब्याचा रुमाल

मे महिन्यात आईला घेऊन सिमल्याला जाऊन आले. मुंबईहून चंदीगडपर्यंत विमान आणि पुढे कालक्याहून टॉय ट्रेन, १९०३ ची लाइन, ९६ किमी, बोगदेच शंभराच्या वर. मॉल रोड आणि रिज सगळेच करतात, मला सांगायचंय ते चौडा मैदानजवळच्या हिमाचल स्टेट म्युझियमबद्दल.

पहिल्यांदा गेलो तो नेमका सोमवार, आणि सोमवारी ते बंद असतं. टॅक्सीवाल्याने खाली रस्त्यावर सोडलं, बोलला काहीच नाही, आई तो सगळा चढ चढून वर आली आणि गेटला कुलूप. खूप वाईट वाटलं तिच्यासाठी. तेव्हा सोमवार आणि सरकारी सुट्टी टाळाच, आणि गुडघेदुखीवालं कोणी सोबत असेल तर गाडी जितकी वर जाईल तितकी न्यायला आधीच सांगून ठेवा, उंची बावीसशे मीटरच्या आसपास आहे, दादरचा पूल रोज चढणाऱ्यालाही दम लागतो.

मंगळवारी परत गेलो. इंग्रजांच्या काळातला बंगला आहे, १९७४ पासून त्यात म्युझियम. आपलं काळा घोड्याचं म्युझियम डोक्यात ठेवून गेलात तर लहान वाटेल पण इथे जे आहे ते त्याच डोंगरातलं आहे. कांगडा, गुलेर या तिकडच्या जुन्या पहाडी संस्थानांतली छोटी छोटी चित्रं, राधेच्या ओढणीची किनार इतकी बारीक की आईने चष्मा पुसून दोनदा बघितली.

पण खरं थांबलो ते चंबा रुमालांपाशी, म्हणजे हिमाचलमधल्या चंब्याचे भरतकाम केलेले कापडाचे तुकडे. आई गिरगावात पंचवीस वर्षं भरतकामाचे क्लास घ्यायची आणि कोणीही काम दाखवलं की पहिलं वाक्य, "उलटी बाजू दाखव गं." इथेही तिने तेच विचारलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, माताजी, याला उलटी बाजूच नसते. पीळ न दिलेलं रेशीम, पातळ मलमल, आणि टाका असा की दोन्हीकडून चित्र सारखंच, गाठ कुठेच नाही. पूर्वी आकृत्या चित्रकार कोळशाने काढून द्यायचे आणि बायका भरायच्या, म्हणून रासमंडलातला कृष्ण मघाशी चित्रात बघितला तसाच दिसतो. लग्नात देण्याघेण्याच्या ताटांवर हे रुमाल घालायचे, आई लगेच म्हणाली, अगं म्हणजे आपलं रुखवतच की! अर्धा तास तिथेच गेला आमचा.

दोन तास तरी ठेवा, सकाळी जा, सुटे पैसे जवळ असू द्या, फोटोचं आधी विचारून घ्या. व्हाइसरॉयचा जुना वाडा त्याच बाजूला आहे, तोही त्याच दिवशी होतो.

परत आल्यावर आईने दादरहून रेशीम आणि मलमल आणलीय, दोन्ही बाजूंनी सारखा टाका घालून बघतेय. दहा दिवसांत एक मोर झालाय, मानेपर्यंत.