स्टुअर्ट, मूर की…?

"चार वर्षं, चार विजेतेपदं. विषय संपला!" हार्टफर्डच्या ऑफिसात यूकॉनची (म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाची) आजवरची सर्वोत्तम महिला बास्केटबॉल खेळाडू कोण, यावरून एकाने ब्रिअ‍ॅना स्टुअर्टचं नाव घेतलं आणि सगळ्यांचे डबे तसेच उघडे राहिले. यूकॉनच्या मुलींच्या बास्केटबॉलवरून इथे लोक हातघाईवर येतात.

मी माया मूरवाली. ३०३६ गुण, सलग ९० विजय! एकाने यूकॉनच्याच डायना टॉरासीला पुढे केलं. (तिचं नाव निघालं की तो कुणाचंच ऐकत नाही.)

कोपऱ्यातल्या निवृत्तीला आलेल्या बाई तोवर गप्प होत्या. म्हणाल्या, "रेबेका लोबो. १९९५. ३५ सामने, एकही हार नाही. त्याआधी तुम्हाला यूकॉन माहीत तरी होतं का?"

आकड्यांत लोबो मागे पडते, मान्य. पण पुढच्या पोरींना यूकॉनचं नाव ऐकवलं कुणी? तुमचं मत कुणाला?