‘नो ग्रोथ’ म्हणजे सुटलो नव्हे

सव्वा महिना रोज ताप. सकाळी किराणा दुकान उघडायचं, दुपारी चार वाजले की हुडहुडी. गावात विडाल ही टायफॉइडची रक्ततपासणी केली, पॉझिटिव्ह आली, टायफॉइड ठरला. (आपल्याकडे विडाल कुणाचीही पॉझिटिव्ह येऊ शकते, हे फार उशिरा कळलं.) गोळ्या घेतल्या की ताप उतरायचा, कोर्स संपला की आठवड्यात परत हजर. तिसऱ्या खेपेला तीच पट्टी मी स्वतःच मेडिकलमधून आणली. ती चूक माझी.

त्या गोळ्या चालू असतानाच एका लॅबमध्ये ब्लड कल्चरला रक्त दिलं. कल्चर म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायचे. पोटात अँटिबायोटिक असताना ते वाढणार कुठून? काउंटरवर कुणी विचारलं नाही, मला सांगायचं सुचलं नाही. एका हातातून एक बाटली रक्त घेतलं. मग रोज फोन, रोज तेच उत्तर, ‘पेंडिंग आहे, काका.’ पाचव्या दिवशी कागद मिळाला: नो ग्रोथ. घरी येऊन बायकोला म्हणालो, जंतू नाहीत, सुटलो. त्या कागदाच्या भरवशावर आणखी नऊ दिवस घालवले.

शेवटी भाऊ मिरजेला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग मोबाइलचा टॉर्च लावून माझी नखं बघितली. दोन नखांखाली काळपट लाल उभ्या रेघा होत्या. मला वाटायचं, पोती उचलताना कुसळ गेलं असेल. ‘लहानपणी सांधे सुजले होते का?’ होते की! (त्या सांधेतापाने हृदयाची झडप बिघडू शकते.) दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन असायचं, कॉलेजात गेल्यावर सोडून दिलं. तेव्हाच्या फायली जपून ठेवा, माझी रद्दीत गेली. ‘आणि दातांचं काही?’ दोन महिन्यांपूर्वी दाढ काढली होती.

मला वाटलं, आता जोरदार औषध सुरू होणार. तर उलट, सगळी बंद! आधीच्या गोळ्यांचा असर उतरू दे, मग कल्चर. तब्येत तशी स्थिर होती, म्हणून तीन दिवस भरती करून नुसतं लक्ष ठेवलं. भाऊ नर्सशी भांडला. मग वेगवेगळ्या शिरांतून, मध्ये वेळ सोडून, तीनदा रक्त घेतलं. प्रत्येक वेळी दोन बाटल्या, एकूण सहा. एका बाटलीत कातडीवरचा जंतूही शिरू शकतो, पण तिन्ही वेळेला तोच निघाला तर तो रक्तातलाच. दुसऱ्या दिवशी रात्री कल्चरच्या मशीनने जंतू वाढल्याचा इशारा दिला. तिन्ही वेळचा जंतू एकच, तोंडात राहणारा स्ट्रेप्टोकोकस व्हिरिडन्स.

छातीवरून केलेल्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, नुसती हृदयाची गळकी मायट्रल झडप दिसली. म्हणून अन्ननलिकेतून इको. सहा तास उपाशी, घशात कडू स्प्रे, मग नळी. झडपेवर आठ मिलिमीटरचा जंतूंचा गोळा हलताना दिसला. ‘व्हेजिटेशन आहे,’ डॉक्टर म्हणाले. बायको म्हणाली, भाजी कसली? या आजाराच्या निदानासाठी ड्यूक निकष असतात; त्यातले दोन मोठे पुरावे मिळाले तरी पुरतं, कल्चर आणि इको मिळून ते जमले. निदान पक्कं, हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतुसंसर्ग. पुढे चार आठवडे शिरेतून औषध, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

झडपेचा त्रास असेल आणि ताप हटत नसेल, तर अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी कल्चर करायचं का, एवढं डॉक्टरांना विचारा. आणि हो, एकदा हे होऊन गेलं असेल तर दंतवैद्याला खुर्चीत बसण्याआधी सांगायचं. दाढ काढण्याआधी आता मला गोळी घ्यावी लागते. परवा दात दुखत होता, तर आधी मिरजेला फोन केला.