गाडी पार्क करून घरं बघितली तो शनिवार

मी नॉर्थ कॅरोलिनात ट्रँगलमध्ये, म्हणजे रॉली, डरॅम आणि चॅपल हिल या पट्ट्यात रिअल इस्टेट एजंट आहे. एनसी स्टेट, ड्यूक आणि यूएनसी अशा तीन मोठ्या युनिव्हर्सिट्या इथे जवळजवळ आहेत, त्यामुळे रिटायर होऊन इकडे यायचं म्हणणाऱ्या आपल्या लोकांचे न्यू जर्सीतून मला सारखे फोन येतात. कारणं बहुतेकांची तीच. तिथला प्रॉपर्टी टॅक्स देशात सगळ्यात जास्त, बर्फ उपसून कंबर गेलेली, आणि मग युनिव्हर्सिटीचं गाव म्हणजे हॉस्पिटल चांगलं, लेक्चर्स ऐकायला मिळतील, गाण्याचे कार्यक्रम असतील, लोक वाचणारे असतील. हे सगळं खरंच आहे, पण त्या गावात नेमकं कुठे राहायचं यावर त्यातलं किती आपल्या वाट्याला येणार ते ठरतं.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एक काका-काकू आले होते, मार्चचा पहिला शनिवार, संध्याकाळी ड्यूक-कॅरोलिना बास्केटबॉलची मॅच (कॅरोलिना म्हणजे चॅपल हिलची यूएनसी). दिवस मी मुद्दाम तोच दिला होता, कारण चॅपल हिलमध्ये कॅम्पसजवळ घर घ्यायचं असेल तर गाव शांत असताना बघून काही कळत नाही. काकांची लिस्ट तयार होती. पहिलं घर कॅम्पसला लागून असलेल्या फ्रँकलिन स्ट्रीटपासून चालत दहा मिनिटांवरचं जुनं छोटं घर, दुसरं शेजारच्या चॅथम काउंटीत मोठ्ठं नवंकोरं, मागे झाडी, आणि तिसरं चॅपल हिलच्याच सदर्न व्हिलेज या वस्तीतलं टाउनहाउस.

पहिल्या घरात काका अक्षरशः रमले. समोरचा व्हरांडा, म्हातारं ओकचं झाड, लायब्ररी चालत. विकणाऱ्याच्या एजंटने सांगितलेलं की संध्याकाळी सहापर्यंत ऑफर द्या, अजून दोन येतायत. काका म्हणाले देऊन टाकू. आता आमच्याकडे एक भानगड आहे जी जर्सीवाल्यांना माहीत नसते, ती म्हणजे ड्यू डिलिजन्स फी. ऑफर मान्य झाली की हे पैसे थेट विकणाऱ्याच्या हातात जातात, सौदा पूर्ण झाला तर किमतीत वळते होतात, पण तुम्ही मन बदललंत तर गेले ते गेले. चुरस असेल तर ही रक्कम हजारो डॉलर्सची होते. मी म्हटलं काका, सहाला अजून वेळ आहे, आधी एक गोष्ट बघू या. व्हरांड्यातच फोनवर काउंटीचे प्रॉपर्टी रेकॉर्ड उघडले, ते सगळ्यांना खुले असतात, आणि शेजारच्या दोन्ही घरांच्या मालकांचे पत्रव्यवहाराचे पत्ते दाखवले. एक लांबच्या शार्लट शहराचा, एक चक्क दुसऱ्या राज्यातला. म्हणजे दोन्हीकडे भाडेकरू, आणि या गल्लीत भाडेकरू म्हणजे बहुतेक विद्यार्थीच. डावीकडच्या अंगणात चार गाड्या उभ्या होत्याच. पोरं वाईट नसतात हो, पण त्यांचा दिवस रात्री अकराला सुरू होतो आणि दर ऑगस्टमध्ये शेजारी बदलतात. अ‍ॅरिझोनात टेंपीला तर थेट युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवरच ज्येष्ठांसाठी उंच इमारत बांधली, 2020 च्या शेवटी लोक राहायला आले आणि जवळच्या एका ठिकाणच्या मोठ्या आवाजातल्या संगीतावरून प्रकरण कोर्टात गेलं.

हे चालू असताना एक गोष्ट माझ्या नजरेत आली. मी प्रिंट करून दिलेला घराचा कागद काका समोर धरत नव्हते. कागद जरा उजवीकडे तिरका आणि मान डावीकडे वळवून कडेच्या नजरेने वाचत होते, आणि आकडे आले की काकू न विचारता हळूच वाचून दाखवत होत्या, इतक्या सहज की ही दोघांची खूप दिवसांची सवय असणार.

मी विचारलं काही नाही. मधेच काकूंनी मला विचारलं, "अगं इथे आपले लोक कितपत आहेत?" मराठी बाईने मराठी बाईला विचारलेला साधा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मी देऊ शकत नाही. 1968 चा फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट आहे, वंश, धर्म, मूळ देश यावरून एजंटने कुणाला एखाद्या वस्तीकडे वळवायचं नाही किंवा तिथून परतवायचं नाही, आणि हा कायदा कशामुळे करावा लागला ते वाचलेलं असल्यामुळे मी तो मनापासून पाळते. देऊळ कुठे आहे ते सांगते, व्यंकटेश्वराचं केरीत आहे आणि हिंदू सोसायटीचं मॉरिसव्हिलमध्ये, पण वस्तीत कोण राहतं ते तुम्ही स्वतः फिरून, लोकांशी बोलून बघा, असं त्यांना सांगितलं. काकूंना पटलं असावं, कारण त्या म्हणाल्या मग फिरूच की.

तेव्हा मी म्हटलं गाडी इथेच लावू आणि बसने जाऊ. चॅपल हिलची बस 2002 पासून सगळ्यांना फुकट आहे, पासबिस काही नाही, सरळ चढायचं. मात्र शनिवार-रविवारी फेऱ्या कमी होतात आणि मला तेच दाखवायचं होतं. स्टॉपवर बराच वेळ थांबावं लागलं, काका वेळापत्रकाच्या पाटीकडे जाऊन तसेच मान वाकडी करून उभे राहिले, आणि काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्यांना मॅक्युलर डीजनरेशन आहे, म्हणजे समोरचं मधलं नीट दिसत नाही. एका डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत, दर महिना-दीड महिन्याने. रात्रीची गाडी बंद केलीये. मला हायवेवर चालवायला जमत नाही. पण घर बघताना हा विषय काढायचा नाही असं ह्यांचं म्हणणं."

काकांनी ऐकलं. जरा वेळ कुणीच बोललं नाही, मग तेच म्हणाले, बरं, आता कळलंच आहे तर त्या हिशेबाने दाखव.

त्या हिशेबाने बघितलं की लिस्टच बदलते. चॅथमचं घर तिथल्या तिथे गेलं. तिथे टॅक्स कमी आहे हे खरं, चॅपल हिलमध्ये शाळांचा वेगळा डिस्ट्रिक्ट टॅक्ससुद्धा लागतो आणि मुलं कधीच शिकून गेली तरी तो भरावा लागतो, पण त्या घरापासून दूधसुद्धा गाडीशिवाय येणार नाही आणि जवळून बस जात नाही. डोळ्यात इंजेक्शन घेतल्यावर स्वतः गाडी चालवत परत येता येत नाही, म्हणजे यूएनसी किंवा ड्यूकच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे वर्षानुवर्षं नियमित कसं जायचं हा पहिला प्रश्न, किचन किती मोठं हा नंतरचा. अजून एक गोष्ट मी सगळ्यांना सांगते आणि कुणालाच माहीत नसते. अपंगत्वामुळे साधी बस वापरता येत नसेल तर दारात येणारी गाडी द्यायची असा केंद्राचा नियम आहे, पण तो बसच्या रूटपासून पाऊण मैलाच्या पट्ट्यापुरता. चॅपल हिलमध्ये या सेवेचं नाव ईझी रायडर. म्हणजे आज तुम्ही बसमध्ये पाऊल ठेवणार नसाल तरी घर बसच्या रूटजवळच हवं.

सदर्न व्हिलेजला उतरलो. मधे हिरवळ, कडेने वीव्हर स्ट्रीट मार्केटचं दुकान, सिनेमा, बाहेर टेबलं मांडलेली, आणि तिथे बसलेल्या एका बाईंशी काकू बोलायला लागल्या त्या वीस मिनिटं हलल्या नाहीत. त्या बाई रिटायर्ड नर्स निघाल्या. ड्यूकला ओली म्हणजे पन्नाशीपुढच्यांचे वर्ग असतात ते त्यांनीच सांगितलं, आणि 65 पुढच्या राज्यातल्या रहिवाशांना यूएनसीत जागा असेल आणि प्राध्यापकांची हरकत नसेल तर फी न भरता वर्गात बसता येतं हे मी. काकांना इतिहासाची आवड, ते तिथेच खुलले. पण टाउनहाउस बघितलं तर तीन मजले. गॅरेज खाली, किचन मधे, बेडरूम वर. चालण्याजोग्या वस्त्यांमध्ये हे फार बघायला मिळतं, रस्ता म्हाताऱ्यांना सोयीचा आणि घर मात्र जिन्यांचं. काकू जिना चढल्या, उतरल्या, आणि म्हणाल्या वस्ती हीच, घर हे नाही.

सहा वाजून गेले, आम्ही ऑफर दिली नाही. परत आलो तोवर अंधार पडला होता आणि पहिल्या घराच्या गल्लीत गाड्या फुटपाथवर चढलेल्या, शेजारच्या व्हरांड्यात तीस-चाळीस पोरं. कॅरोलिना जिंकली. अशा रात्री हजारो मुलं फ्रँकलिन स्ट्रीटवर धावत येतात, रस्ता बंद, मधोमध शेकोटी. काकांना ते फार आवडलं, खरंच सांगते, ते कोपऱ्यावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. आणि मग म्हणाले, वर्षातून एकदा यायला छान आहे.

मी त्यांना घर विकलं नाही. एक वर्ष भाड्याने राहा म्हटलं, लिफ्टची बिल्डिंग, बस दारात, आणि एक ऑगस्ट बघा, कारण ऑगस्टमध्ये अख्खं गाव घर बदलतं, रस्त्याच्या कडेला गाद्या आणि सोफे पडलेले असतात आणि तेव्हाच कळतं कुठली गल्ली कुणाची. माझ्या धंद्यात हा सल्ला देणं परवडत नाही असं काही सहकारी म्हणतात. मला वाटतं सत्तरीतल्या माणसाला एका दुपारी ड्यू डिलिजन्सचे पैसे भरायला लावणं त्याहून महाग.

ते मे महिन्यात आले. काकू आठवड्यातून दोनदा बसने लायब्ररीत जातात, काकांचं इंजेक्शन असलं की जाताना बस आणि येताना ती नर्सबाई सोडते. पक्कं घर अजून ठरलेलं नाही. तळमजल्यावर बेडरूम असलेलं काही आलं की मी कळवते, आणि मी सुचवल्यावरून त्यांनी कॅरोल वुड्स या चॅपल हिलमधल्या ज्येष्ठांच्या वसाहतीच्या वेटिंग लिस्टवरही नाव घातलंय. तिथे रांग लांब आहे आणि अशा ठिकाणी तब्येत बरी असतानाच जावं लागतं, म्हणून ते काम घराच्या आधी केलं.