तुम्ही विचारलंत म्हणून: माझं पहिलं रिव्हॉल्व्हर

लग्नात शेजारी पंगतीला बसलेला कोणीतरी, नवीन पेट्रोल पंप मिळालेला एखादा पोरगा, नाहीतर माझ्या मुलाचे मित्र, ह्यांना कुठून तरी कळलेलं असतं की नानांकडे, म्हणजे माझ्याकडे, एकेकाळी रिव्हॉल्व्हर होतं. मग ठरलेले प्रश्न येतात. कधी घेतलं, कितीला पडलं, कोणावर चालवलं का, आणि अजून आहे का? पहिल्या तीन प्रश्नांना मी पटापट उत्तरं देतो, चौथ्याला अडखळतो. ते २०१४ ला विकलं, हे खरं. पण सगळं गेलं असं म्हणता येत नाही, म्हणून एकदा नीट लिहूनच टाकतो.

आमचा पेट्रोल पंप जळगाव जिल्ह्यात, पारोळा ते एरंडोलच्या मधे, तेव्हाचा नॅशनल हायवे ६, आता त्याला ५३ म्हणतात. सुरत-नागपूरचे ट्रक रात्रभर चालू. त्या काळी कार्ड नाही, फोनवर पैसे नाहीत, सगळा रोकडा कारभार. शनिवार-रविवारची कॅश घरात पडून राहायची आणि सोमवारी मी ती शेवेच्या पिशवीत घालून स्कूटरवर बँकेत न्यायचो. शेवेची पिशवी ही वडिलांची आयडिया, चोराला वाटावं शेवभाजीचं सामान चाललंय. मग आमच्याच लाइनवरच्या एका पंपवाल्याला रात्री अडवून मारलं, आणि वडील म्हणाले लायसन काढ.

लायसन काढणं म्हणजे काय ते ज्याने काढलंय त्यालाच माहीत. अर्ज जळगावला कलेक्टर ऑफिसात, तिथून एसपी ऑफिस, तिथून आपलं पोलीस ठाणं, मग जबाब, चारित्र्य पडताळणी, पंपाचे कागद, इन्कम टॅक्सचे कागद, आणि फाइल परत उलट्या पावली वर. माझी फाइल दोन वर्षं फिरली. ह्या दोन वर्षांत मला किमान चार जणांनी सांगितलं की कशाला भो एवढी कटकट, कट्टा घे ना. कट्टा म्हणजे बेकायदा गावठी पिस्तूल. चोपड्याच्या वर सातपुड्यात एमपीच्या हद्दीतलं उमर्टी ह्या कट्ट्यांपायी पेपरात सारखं येत असतं, आणि 'गावठी कट्ट्यासह दोघे जेरबंद' ही बातमी तर आमच्याकडे पावसाच्या बातमीपेक्षा जास्त वेळा छापून येते. मी त्या वाटेला गेलो नाही. शहाणपण वगैरे काही नाही, वडिलांना कळलं असतं तर त्यांनी पोलिसांच्या आधी मला बडवला असता एवढंच.

१९९८ च्या दिवाळीनंतर मुंबईला जाऊन घेतलं. बत्तीस बोअरचं, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं, सहा गोळ्यांचं. किंमत म्हणाल तर जवळजवळ एका नव्या मोटरसायकलची. दुकानदाराने लाकडी काउंटरवर फडकं पसरलं, वरचा खटका दाबला आणि ते मधोमध मोडल्यासारखं उघडलं, मला वाटलं तुटलं. मग समजलं ते तसंच उघडतं, उघडलं की रिकामी काडतुसं आपोआप वर येतात. हातात घेतल्यावर पहिला विचार आला तो वजनाचा, पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे तीन पाव वांगी. पंचवीस काडतुसं घेतली, लायसनच्या पुस्तकात एंट्री झाली आणि रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसने परत निघालो. बर्थ रिझर्व्ह होता पण जळगावपर्यंत आडवा झालो नाही, बॅग मांडीवर आणि दोन्ही हात बॅगवर. समोरच्या काकांनी शेवटी विचारलंच, सोनं आहे का हो?

घरी आलो तर माय ओट्यावर बसलेली. बघितलं आणि म्हणाली, "हाई घरमा कसाले लई उना?" म्हणजे हे घरात कशाला घेऊन आलास. बस, तेवढंच, परत त्या विषयावर ती स्वतःहून कधी बोलली नाही. माय कमी बोलायची आणि बोललेलं विसरायची नाही.

आता चालवलं का, त्याचं सांगतो. ओळखीचे एक निवृत्त सुभेदार होते, ते मला रेंजवर घेऊन गेले. दहा गोळ्या मारल्या. पिक्चरमधे जो धाड असा भरदार आवाज येतो तसलं काही नाही, कोरडा फटका बसतो, कानशिलात मारल्यासारखा, आणि संध्याकाळपर्यंत कानात रातकिडे. दहा पावलांवर माणसाएवढा कागद लावलेला, त्यात तीन लागल्या, त्यातली एक कागदाच्या कोपऱ्यात. सुभेदार म्हणाले, हरकत नाही, समोरचा आवाजाने पळेल. त्या दिवसापासून मला एक गोष्ट पक्की माहीत होती जी पंपावरच्या कोणालाच माहीत नव्हती.

बाकी सोळा वर्षं मी ते फक्त सांभाळलं. सांभाळणं म्हणजे काय तर कमरेला लावून लग्नाला गेलो की जेवताना मांडी घालून बसता येत नाही. हिवाळ्यात शेतात भरताची पार्टी असते आमच्याकडे, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, आणि सगळे जमिनीवर बसलेले, अशात खाली वाकून घास घ्यायला गेलं की मूठ बरोबर बरगडीखाली टोचते, मी अर्धवट तिरका बसून जेवायचो आणि लोकांना वाटायचं नानाचं पोट दुखतंय. कलेक्टर ऑफिसात जायचं तर आत नेता येत नाही, गाडीत ठेवता येत नाही, दवाखान्यात पेशंट बघायला जायचं तर तेच. नाशिकला एका लॉजमधे संडासात ठेवायला जागा नव्हती म्हणून दातात पट्टा धरून बसलोय, हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही, आज पहिल्यांदा लिहितोय. आणि वराती! प्रत्येक वरातीत एक तरी मामा असतोच, "नाना, एक फायर होऊन जाऊ दे." मी कधी केला नाही आणि त्यामुळे दोन-तीन घरांशी बोलणं कमी झालं. २०१९ ला कायदा बदलला, आता वरातीत हौसेने गोळी मारली तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हाच असता तर मला नाही म्हणायला सोपं गेलं असतं.

त्यात निवडणुका. आचारसंहिता लागली की ठाण्यातून निरोप, हत्यार जमा करा. १९९९ ला लोकसभा-विधानसभा एकत्र होती म्हणून एकदाच फेरी, पण २००४ ला एप्रिलमधे एक आणि ऑक्टोबरमधे दुसरी, २००९ ला पुन्हा तसंच. मालखान्यात दारूचे कॅन, जप्त केलेल्या मोटरसायकली, आणि त्यांच्यामधे एका खोक्यात माझं रिव्हॉल्व्हर, मुठीला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. परत मिळायचं तेव्हा नळीला बारीक गंज. ह्याचा कळस म्हणजे २००४ चा एप्रिल. पंपावर भरदुपारी दोघं बाइकवर आले, पोराच्या गळ्यातली कॅशची बॅग ओढली आणि गेले. तक्रार द्यायला मी ज्या ठाण्यात बसलो होतो त्याच्याच मागच्या खोलीत माझं रिव्हॉल्व्हर जमा होतं. हवालदार हसला, मग मीही हसलो, काय करणार. असतं तरी काय केलं असतं, दहापैकी तीन.

आता मुद्द्याची गोष्ट, २००२ ची. खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्याची पूजा होते, विळा, कुऱ्हाड, पंपाच्या टाकीतलं तेल मोजायची डिप रॉड, नोझल, हिशोबाची वही, आणि ते घेतल्यापासून रिव्हॉल्व्हरही. पाटावर लाल कापड, त्यावर ते, आणि पुढे पंधरा काडतुसं ओळीने उभी केलेली. माय प्रत्येकाला बोटाने कुंकू लावायची. पितळी काडतूस असतं केवढं, करंगळीच्या दीड पेराएवढं, वर शिशाचा गोल बोंडा, खाली बुडावर केएफ लिहिलेलं, म्हणजे आपली खडकीची फॅक्टरी. कुंकू लावलेली ती ओळ बघून धाकटी म्हणाली होती, बाप्पाचे छोटे छोटे सैनिक. संध्याकाळी उचलताना मोजली तर चौदा.

तुम्हाला हसू येईल पण तेव्हा माझे हातपाय गार पडले. घरात दोन लहान पोरं. गाद्या उलट्या केल्या, धान्याच्या कोठ्या उपसल्या, मोरीची जाळी काढली, पोरांना उभं करून तोंडं उघडून बघितली. माझा मेव्हणा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, त्याला फोन केला, उगाचच. जिथे लष्करासाठी गोळ्या बनतात तिथल्या माणसाला एका गोळीसाठी फोन. तो म्हणाला, आमच्याकडे एक कमी आली तर कोणाला घरी सोडत नाहीत, तूही कोणाला सोडू नको. दोन रात्री मी झोपलो नाही. माय चूल सारवत होती, वर न बघता म्हणाली, "गोयी गयी ते जाऊ दे. पोरं नीट शेतस ना?"

सापडली नाही. आणि पुढच्या रिन्यूअलला जेव्हा विचारलं किती वापरली, तेव्हा मी खोटं सांगितलं. रेंजवर अकरा मारली म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं, अकरा वापर, चौदा शिल्लक. एवढीशी गोष्ट, पण दर तीन वर्षांनी ते पान उघडलं की तो अकराचा आकडा माझ्याकडे बघायचा. रिव्हॉल्व्हर का विकलं ह्याचं खरं उत्तर विचाराल तर लोकांना मी सांगतो कॅश कमी झाली, बँकेची गाडी यायला लागली, पोरं मोठी झाली, हे सगळं खरंच आहे. पण खरं तर मला ते पान कोणाच्या तरी हातात देऊन मोकळं व्हायचं होतं.

२०१४ ला लोकसभेचा निकाल लागल्यावर हत्यार ठाण्यातून सोडवलं, परवानगी काढली आणि ऑगस्टमधे, विधानसभेच्या आधीच, चौदा काडतुसांसकट एका परवानाधारक दुकानदाराला दिलं. घेतलं त्यापेक्षा थोडे जास्तच आले. लायसनही रद्द करून घेतलं. घरी येताना सवयीने हात कमरेवर गेला, दोन-तीन महिने जात होता. आणि गंमत बघा, आयुष्यातली सगळ्यात जास्त कॅश मी पंपावर बघितली ती नोव्हेंबर २०१६ ला. नोटाबंदीत पंपांवर जुन्या नोटा चालत होत्या, हजाराच्या २४ नोव्हेंबरपर्यंत आणि पाचशेच्या २ डिसेंबरपर्यंत, लोक शंभरचं पेट्रोल टाकायला हजाराची नोट घेऊन रांगेत. गोणीत नोटा भरल्या आम्ही. आणि कमरेला काय, तर मोबाईलचं पाऊच.

माय २०२१ ला गेली. दिवस झाल्यावर बायकोने तिची पेटी उघडली. लुगडी, कुलस्वामिनीचा टाक, आणि सुपारीचा तो जुना बटवा, नाडी ओढून बंद व्हायचा तो. त्यात अडकित्ता, लवंगा, दोन रुपयांची चार नाणी, आणि पांढऱ्या चिंधीत गाठ मारलेलं काडतूस. बोंड्यावर कुंकवाचा वाळलेला डाग तसाच. बायको माझ्याकडे बघत राहिली आणि मी काडतुसाकडे. एकोणीस वर्षं, म्हणजे मी गाद्या उलट्या करत होतो तेव्हा ते तिच्या कमरेलाच होतं. तिने का घेतलं असेल ह्याचे मी दहा अर्थ लावलेत. एक गोळी कमी तर तेवढा धोका कमी, असं काही तिचं गणित असेल, किंवा मी घाबरून ते परत देऊन टाकीन असं वाटलं असेल. किंवा पोरांच्या हाती लागताना बघून उचललं आणि मग माझी ती अवस्था बघून सांगायची राहून गेली. विचारायला ती नाही.

मुलगा म्हणाला, बोरी नदीत टाकून देऊ पप्पा, कोण विचारतंय. त्याचंही बरोबर होतं, आता माझ्याकडे लायसन नाही, त्यामुळे ते एक काडतूस घरात असणं हाच गुन्हा. पण मला ते नदीत टाकवेना. वकील मित्राने सांगितलं, हत्यार कायद्याच्या कलम २१ मधे अशा वस्तू ठाण्यात जमा करायची सोय आहे, अर्ज लिही आणि लायसन रद्द झाल्याची कॉपी जोड. गेलो. तीन तास बसलो, कारण ह्याची एंट्री कुठल्या रजिस्टरला करायची ह्यावर तिथे एकमत होईना. शेवटी एका तरुण हवालदाराने कागद पुढे ओढला. नग एक, पितळी, जुने, वापरण्यायोग्य की नाही माहीत नाही. मग पेन थांबवून म्हणाला, "काका, कुठे सापडलं लिहू?"

मी म्हणालो, लिहा, घरातल्या जुन्या सामानात.